हवेची शीग

मी मानवतच्या मोंढ्यात, दाण्याच्या बाजारात, मापाडी व्हतो. मापाडी म्हंजे ज्वारीच्या ढिगापाशी उकिडवं बसून पायलीनं दाणे मोजणारा. शाळा मी पाह्यली ती भाईरून, बैल पाण्यावर नेताना. आकडा वाचता येत न्हाई, लिव्हता येत न्हाई, पर मोजायला बसलो तर माझा हात कुणी धरायचा न्हाई. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नसतंय, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं इसापर्यंत गेलं की एक दाणा बाजूला ठिवायचा अन् परत लाभ. अन् पायली काठापर्यंत भरली म्हंजे माप झालं असं नव्हतं. वर शीग चढली पायजे. चहूकडून दाणे घरंगळायला लागले की मंग माप खरं. बिनशिगेचं माप घालणाऱ्याला लोक त्वांडावर हलकट म्हणायचे. मला कुणी कधी म्हणलं न्हाई. शीग घालण्यात मी लय मोठ्या मनाचा. माल दुसऱ्याचा व्हता ना.

मंग किलो आले, मोंढ्यात तराजू बसले. माझं काम गेलं असं मला कुणी सांगितलं बी न्हाई. एक दिवस मी गेलो तर माझ्या बसायच्या जागेवर तराजू बसलेला. दोन दिवस मी त्याच्या बाजूलाच हुभा राह्यलो. एकाला वाटलं, हमाल हाय. "उचल रं पोतं," म्हणला. म्या उचललं. पाठीत असा चमका भरला की महिनाभर घरची मला उठवून बसवायची.

मंग सासुरवाडीला आलो, पोखर्णीला. नरसिंहाच्या देवळाकडं रस्ता फुटतो तिथं लिंबाखाली सासऱ्यानं पायानं दाबायचा पंप मांडून दिला. सायकलीत हवा भरायची, पंचर काढायचं. गावाचा जावई म्हणून सगळं गाव मला दाजी म्हणायचं, शेंबडी लेकरं बी दाजी, दात पडलेले म्हातारे बी दाजी. इज्जत लय. सायकल टेकवायला जागा न्हाई दिसली की माझ्या पाठीला टेकवायचे.

पंपासंगं एक काटा आला व्हता, हवा मोजायचा, घड्याळावानी गोल. त्यो म्या लिंबाला खिळा ठोकून टांगला. गिऱ्हाईकाला बरं वाटायचं. कुणी म्हणलंच, "दाजी, काटा लावून बघा," तर लावायचो, डोळे बारीक करायचो, मान हालवायचो. "बरोबर हाय." सुई हालली ती मला दिसायची. पर ती ज्या गावाला जाऊन थांबली त्या गावाचं नाव मला ठाव नव्हतं.

तवा गावात मोटरसायकल एकच. बुद्धवाड्यातल्या गुर्जीची. जुनीच घेतलेली व्हती. गुर्जी इथलेच, पर शाळा त्यायला मिळाली पालमच्या पल्याड, आडरानात. यष्टी पालमपर्यंत, तिथून म्होरं पायी. सांजची शेवटची यष्टी शाळा सुटायच्या आत निघून जायची. म्हंजे यष्टीच्या भरवशावर ऱ्हायलं तर माणसानं तिकडंच बिऱ्हाड करायचं. ते गुर्जीला जमत नव्हतं, कारण घरी बाई आजारी. बाईच्या काळजाची झडप खराब. पाय सुजायचे, चार पावलं चाललं की दम लागायचा. परभणीच्या डाक्टरनं सांगितलं व्हतं, जपा, येवढंच. लेकरूबाळ न्हाई, सासू न्हाई. दिवसा शेजारपाजार ये-जा करायचा. पर सांजचा घास ती गुर्जी आल्याबिगर त्वांडात घालायची न्हाई. म्हणून त्यायनी मोटरसायकल घेतली. सकाळी जायाचं, सांजच्याला येयाचं. रोज.

गुर्जी गाडी घेऊन पहिल्यांदा लिंबाखाली आले तवा हातात गाडीचं पुस्तक व्हतं.

"दाजी, म्होरच्या चाकात अठरा पौंड, मागच्यात चोवीस. मागं कुणी बसलं तर अठ्ठावीस. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकात हाय म्हणल्यावर काय इचारायचं," मी म्हणलो अन् पंप लावला. लाभ, दोन, तीन. अंगठ्यानं दाबून बघितलं, टायर कडक झालं. माप झालं. आता गुर्जीवानी माणूस, घरी बाई अशी, रोजचा एवढा लांबचा रस्ता. नुसत्या मापावर पाठवावं तर मलाच कसंतरी वाटलं. वर शीग दिली. धा-बारा दांडे दाबले. काटा लावला, डोळे बारीक केले.

"बरोबर हाय."

तवापून दर चार दिवसाला गुर्जी येयाचे अन् मी शीग घालायचो. सायकलवाल्याला दोन दांड्याची शीग, गुर्जीला धा-बाराची. माणूस बघून.

एकदा म्हणले, "दाजी, गाडी लय आदळायली हो. खड्ड्यात गेली की मेंदू हालतो."

"रस्ताच तसला हाय गुर्जी. गाडी काय करंल?"

"हवा जराशी कमी करून बघता का?"

"कमी?" मी असा दचकलो जसं त्यायनी माझ्या पोराची भाकर कमी करा म्हणलं. "कमी हवेनं टायर कडंनं खातंय, तापतंय, फुटतंय. मी हाय ना हितं."

कमी हवेचं मी बोललो ते खरंच व्हतं. एका ट्रकवाल्याच्या तोंडून ऐकलेलं. जास्तीचं काय व्हतंय ते त्या ट्रकवाल्यानं सांगितलं न्हाई अन् म्या इचारलं न्हाई.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील. दुपारच्या यष्टीतून गुर्जी उतरले, खांद्यावर मागचं टायर अडकवलेलं. आदल्या दिवशी पालमच्या अलीकडं एका टोकदार दगडावर फाटलं म्हणले. टायर म्या हातात घेतलं. दोन्ही कडंला नक्षी नव्या लुगड्याच्या काठावानी कोरी करकरीत. अन् मधी पार टक्कल. टक्कल बी असं की आतलं कापड भाईर दिसायलंय. मला माझंच डोकं हातात घेतल्यावानी वाटलं.

"कशानं झालं असंल, दाजी?"

"रबरच खराब निघालं," मी म्हणलो. जीभ अडखळली बी न्हाई.

नवं टायर तवा लगेच मिळत नव्हतं. परभणीच्या दुकानदारानं गुर्जीचं नाव लिव्हून घेतलं अन् चार महिन्यांनी इचारायला या म्हणला. गाडी बैलगाडीत घालून आणली अन् घरामागं हुभी केली. गुर्जी शाळेच्याच खोलीत राहायला लागले. शनवारी येयाचे, रव्वारी दुपारच्या यष्टीनं परत. जाताना लिंबाखाली थांबले.

"दाजी, सांजच्याला जरा घरी डोकावत जा. मी नसलो की ती जेवत न्हाई."

हे मलाच सांगितलं त्यायनी. सगळ्या गावात मीच त्यायला भला माणूस दिसलो.

घरी येऊन सांगितलं तर घरची म्हणली, "तुमी एकलेच जाताव व्हय गडीमाणूस? मी बी येते."

"तुझा बाप काय म्हणंल?"

"बापाला म्या बघते. तुमी तुमचं बघा."

मी सासऱ्याला भ्यायचो. त्याच्या घरात ऱ्हायचो, त्याची भाकर खायचो, अन् आता बुद्धवाड्यात सांजच्याला जाऊन बसायचं व्हतं. गेलो. पहिल्या दिवशी मी उंबऱ्याच्या भाईर बसलो. बाईनं बाजेवरूनच शेजारच्या पोरीला सांगून तांब्याभर पाणी म्होरं ठिवायला लावलं. "तहान न्हाई," मी म्हणलो. घसा वाळून कोरडा पडला व्हता. दुसऱ्या दिवशी बी तहान न्हाई.  तिसऱ्या दिवशी घरचीनं तांब्या उचलला अन् गटागटा पेली, उरलेलं माझ्या हातात दिलं. मी पेलो. पाणी व्हतं. दुसरं काय असणार व्हतं, मी उगंच दोन दिवस कोरडा बसलो.

घरची भाकर कुस्करून दुधात कालवायची, बाई चार घास खायची. मी मोंढ्यातल्या अडत्यांच्या नकला करायचो. कोण कसा पोट सांभाळत उठतो, कोण दाणा चावून थुकतो. बाई हसली की तिला दम लागायचा, मंग घरची मला डोळे दाखवायची. म्हंजे मी हसवायचं बी न्हाई अन् गप बसायचं बी न्हाई.

असंच एका सांजच्याला बाई म्हणली, "दाजी, एक इचारू का?"

"इचारा की."

"त्यांच्या गाडीची रेघ मी वळखायची. अंगण झाडलं की मातीत दिसायची. पहिल्यांदा गाडी आणली तवा रेघ चांगली रुंद व्हती, नक्षी उमटायची. मंग बारीक बारीक व्हत गेली. सायकलीवानी. तुमी हवा भरायला लागल्यापून." जरा दम घेतला. "हवेनं रेघ बारीक व्हती का हो?"

तिच्या आवाजात राग नव्हता. दिवसभर बाजेवर पडून एकच अंगण बघणाऱ्या माणसाला जे दिसतंय ते तिनं सांगितलं.  घरची माझ्याकडं बघायली. जास्ती हवेनं टायर फुगतंय, फुगलेलं टायर जमिनीला मधोमधच टेकतंय, टेकतंय तिथंच झिजतंय. येवढंच व्हतं. पंप चालवणाऱ्याला कळलं न्हाई अन् बाजेवर पडलेल्या बाईला कळलं.

मी सगळं सांगून टाकलं. मापाडी व्हतो, शिगेची सवय, काटा वाचता येत न्हाई, गुर्जीला मुद्दाम जास्तीची शीग घातली.

"हवेला बी शीग?" बाई म्हणली अन् हसायला लागली. घरचीनं तिची पाठ चोळली. लय येळानं दम खाली बसला.

मंग म्हणली, "त्यांला सांगा. त्यांला वाटायलंय, घरी येयाच्या घाईत त्यांनीच गाडी जोरात हाणली म्हणून टायर गेलं."

रव्वारी सांगितलं. लिंबाखाली, गुर्जी यष्टीची वाट बघत हुभे व्हते तवा. मला वाटलं, शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर त्यावर बोलायला मला काहीतरी आलं असतं.

गुर्जी म्हणले, "काटा तुमाला वाचता येत न्हाई ते मला पहिल्याच दिवशी कळलं व्हतं. तुमी उलटा धरला व्हता."

"मंग बोलला कामून न्हाई?"

"वाटलं, जनम गेला मापात. हाताला कळत असंल."

यष्टी आली. गेले.

दुसऱ्या दिवशी मी मानवतला गेलो. मोंढ्यात एका अडत्याच्या मुनिमानं मोटरसायकल इकली व्हती, तिचं एक जुनं टायर गोदामाच्या पत्र्यावर पडलेलं. पत्रा उडू नये म्हणून ठिवलं व्हतं. म्या मुनिमाच्या मागं मागं दिवसभर फिरलो. शेवटाला म्हणला, "घेऊन जा बाबा, पर पत्र्यावर तूच धोंडा चढव." पाठीचं दुखणं असून धोंडा चढवला. परत येताना यष्टीत जागा न्हाई, टायर गळ्यात घालून हुभा राह्यलो. एक म्हातारी म्हणली, "कशाचा नवस हाय रं बाबा?" मी म्हणलो, "हवेचा." तिनं पाया पडल्यावानी केलं.

टायरावर निम्मी नक्षी शिल्लक व्हती. उन्हानं कडंला बारीक चिरा पडल्या व्हत्या, पर कापड शाबूत व्हतं. आता ह्या टायरावर बाईच्या सांजा व्हत्या, हे तिला, गुर्जीला, घरचीला, सगळ्यायला ठाव व्हतं.

गुर्जी शनवारी आले, टायर चढवलं. पंप अन् खिळ्यावरचा काटा म्या त्यांच्या घरीच आणला व्हता, काटा त्यांच्या हातात दिला. "तुमी वाचा. मी दाबतो." गुर्जीनं चोवीस झाल्यावर हात वर केला. माझा पाय म्होरच्या दांड्याला उचललाच व्हता, तो म्या जमिनीवर ठिवला. मंग बाईच्या अंगणात चुलीतली राख सपाट पसरली अन् गाडी तिच्यावरून ढकलत नेली. ठशावर बोटं ठिवली. तीन बोटं भरली. मागं मी बसलो, चार भरली. हवा वाढवली, परत तीन. कमी केली, ठसा फाकला, कडा काळ्या दिसायला लागल्या. बाई बाजेवरून बघायली. "तीन बोटं," ती म्हणली. झालं. तवापून माझं माप तीन बोटं.

गुर्जी रोज येयाला-जायाला लागले. सकाळी निघायच्या आधी लिंबाखाली थांबायचे. राख मी तयार ठिवायचो. सकाळीच कामून, तर चैतात एकदा दुपारी टायराला हात लावला, तव्यावानी तापलेलं, दगडासारखं कडक. मला वाटलं, हवा जास्ती झाली, सोडली जराशी. दुसऱ्या दिवशी गार टायराचा ठसा बघितला तर चार बोटं अन् फाकलेला. तापलं की हवा फुगती, तिला धरून माप करायचं नसतंय. गार टायराचंच माप खरं. हे बी चूक करूनच शिकलो. तुमाला आता सांगतो तवा वाटंल, किती अक्कल हाय. एकेका गोष्टीला एकेक टायर गेलं असतं तर परभणीचं दुकान खाली झालं असतं.

गुर्जी गाडी बी मंग सावकाश चालवायचे. खड्डा चुकवायचे, गच्चकन बिरेक मारायचे न्हाईत, टायरात अडकलेले खडे रोज काडीनं काढायचे. जयंतीच्या दिवशी बाई पांढरं लुगडं नेसून दारात बसली व्हती. मला म्हणली, "दाजी, नक्षी अजून हाय का?" "हाय बाई," मी म्हणलो. व्हती.

उन्हाळ्याची सुट्टी आली, गेली. शाळा सुरू झाली. परभणीच्या दुकानातून नवं टायर बी आलं, ते गुर्जीनं घरात उतरंडीमागं ठिवलं. जुनं अजून चालायलंच व्हतं.

श्रावणात बाई गेली. सांजच्याला. गुर्जी घरी आले व्हते, तिनं भाकर खाल्ली व्हती, मंग गेली. मला निरोप आला तवा मी एका ट्यूबला ठिगळ लावायलो व्हतो. सुलेशन लावून झालं व्हतं, ते वाळून जाईल म्हणून ठिगळ चिटकवलं, दाबून धरलं, मंग गेलो. घरची रडायली व्हती. मी आपल्याला काय वाटायलंय ते बघितलं. काहीच वाटत नव्हतं. पंपाचा दांडा वर-खाली व्हतो अन् पाइप निसटलेला असतो, तसं.

पंधरा-वीस दिवसांनी गुर्जी सकाळी लिंबाखाली आले. मागं वळकटी अन् पत्र्याची पेटी बांधलेली. आता तिकडंच ऱ्हातो म्हणले, शाळेच्या खोलीत. रोज येयाचं काय काम न्हाई.

"हवा बघू का?"

"बघा."

म्या बघितली. तीन बोटं. गुर्जी गाडीवर बसले न्हाईत. दगडावर बसले.

"दाजी, टायर गेल्यावर मी तिकडं राह्यलो, त्या सांजा. त्या मला ठाव न्हाईत. काय करायची ती?"

मी खाली बसलो. आठवंल ते सांगितलं. दूधभाकर खायची, अर्धीच. पालमची यष्टी आली का, म्हणून इचारायची, तुमी त्यात नसणार हे ठाव असून इचारायची. एकदा घरचीनं तिच्या डोक्याला तेल लावलं. एकदा माझ्या नकलेवर लय हसली. एकदा पाय लय सुजले व्हते तर काहीच बोलली न्हाई, भिताडाकडं त्वांड करून पडली. हवेच्या शिगेवर हसली ते तर तुमाला सांगितलंच.

"अजून?"

मी आठवून बघितलं. महिन्याच्या वर सांजा व्हत्या त्या, अन् माझं सांगणं येवढ्यात संपलं.

"एक सांज मी आलोच न्हाई, गुर्जी. घरचीला ताप व्हता. मी एकलाच जाऊ का नको, असं करत बसलो अन् झोपलो."

"त्या दिवशी ती जेवली का?"

"म्हाईत न्हाई."

गुर्जीनं मान हालवली. "बरं," म्हणले. उठले. पेटीची दोरी वढून बघितली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली अन् पालमच्या रस्त्याला लागली.

मी तिथंच हुभा राह्यलो. कुणीतरी माझ्या पाठीला सायकल टेकवली अन् म्हणला, "दाजी, हवा." म्या पंप लावला.